जुन्या विहिरीतला मिशाळ

माझ्या नणंदेला सगळं गाव पंपताई म्हणायचं. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं न पटायला त्या घरात असायच्या कुठे? दिवसभर नदीकाठच्या पंपघरात, आणि उरलेला वेळ घरात असूनही नसल्यासारख्या. जेवताना घास हातातच राहायचा आणि नजर भिंतीपलीकडे कुठेतरी. मी म्हणायचे, "ताई, भात गार झाला." त्या दचकून म्हणायच्या, "अं? हो, चढलं पाणी."

त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, त्याच पंपावर होते. मी त्यांना पाहिलं नाही. नोकरीत असतानाच ते आजारपणात गेले, आणि त्यांच्या जागी घरातल्या एकाला घ्यायचं ठरलं. खरं तर ती जागा आमच्या ह्यांची. पण ह्यांना शिवणयंत्र सोडून दुसऱ्या कुठल्या यंत्राचा आवाज सोसत नाही. ह्यांनी पाणी खात्याच्या साहेबांना सरळ सांगितलं, "मला कापड कळतं, लोखंड कळत नाही. माझी बहीण बाबांबरोबर तिथेच वाढलीये. तिला घ्या."

साहेब हसले. म्हणाले, "पंप म्हणजे काही पाळणा नाही, झोका दिला की झालं."

ताई तेव्हा चोवीस वर्षांच्या. पंपघरात गेल्या, तिसऱ्या पंपावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "याचं बेअरिंग आठ दिवसांत जाईल." सहाव्या दिवशी गेलं. सातव्या दिवशी ताईंच्या हातात नोकरीचा कागद पडला.

पंपघर म्हणजे काठावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तीन पंप ओळीने बसवलेले, भिंतीवर थरथरत्या काट्यांचा विजेचा बोर्ड, कोपऱ्यात पत्र्याचं टेबल, त्यावर नोंदवही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. मागच्या खोलीत ग्रीसचे डबे, सुटे भाग आणि नदीचं पाणी आत येतं तिथल्या जाळीवरचा कचरा ओढायचं लांब दांड्याचं दाताळं. जमीन कायम ओली, कारण पंपातून पाणी थोडंथोडं गळत राहायलाच हवं. थेंब थांबला की समजायचं, आत काहीतरी तापलंय. "गळतंय तोवर ठीक," ताई म्हणायच्या. "माणसाचंही तसंच असतं."

आणि या सगळ्यावर तो आवाज. एकसारखा, जाड. पहिल्यांदा गेले तेव्हा माझं डोकं उठलं. अर्ध्या तासाने तो ऐकूच येईनासा झाला आणि वाटायला लागलं की आपण पाण्याखाली बसलोय. समोरच्याचे ओठ हलताहेत, शब्द बुडबुड्यांसारखे वर निघून जाताहेत, आणि आपल्याला कसली म्हणून घाई नाही. त्या आवाजाने ताईंचे कान हळूहळू मंदावले. पण हातांनी त्या माझ्यापेक्षा जास्त ऐकायच्या. घरात बसल्या बसल्या टेबलावर बोटं टेकवून म्हणायच्या, "दाराशी कोणीतरी आलंय." बघावं तर खरंच आलेलं असायचं.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली असतील, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ताई डब्यात दोघांचा भात न्यायला लागल्या होत्या. आधी मूठभर जास्त, मग वाटीभर, मग सरळ दुसरा डबा. बाई काडीसारखी, मग भात जातो कुठे? शिवाय घरी येताना चेहऱ्यावर एक हसू, कुणी विचारलं तर पटकन आवरून घेतलेलं.

मी ह्यांना म्हटलं, "ताईंचं कुणीतरी आहे."

हे कापडावर खडूने रेघ मारत होते. रेघ वाकडी गेली. "कुणीतरी म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी! दोन माणसांचा भात नेतात त्या."

"भूक लागत असेल," हे म्हणाले आणि वाकडी रेघ पुसायला लागले.

मला मात्र मनातून बरंच वाटलं होतं. ताई तिशीला टेकल्या होत्या. लग्नाचं नाव काढलं की त्यांना पंपाचं काहीतरी आठवायचं. दुकानात आलेल्या निळ्या कापडाचा एक चांगला लांब तुकडा मी गुपचूप बाजूला काढून ठेवला. ठरलंच काही, तर ऐनवेळी धावपळ नको.

मग एका दुपारी मी, डब्यात मीठ द्यायचं राहिलं असं निमित्त काढून, पंपघरावर गेले. पंप चालू होते, खुर्ची रिकामी. मागच्या दाराने बाहेर पडले. तिथे जुनी विहीर होती. पूर्वी नदी तिच्यात यायची आणि तिथून पाणी वर चढायचं. पुढे पात्र सरकलं, नवी विहीर आत नदीतच बांधली, आणि जुनीचा पाइप कापून तिला तशीच सोडून दिली. वर सिमेंटचं छत, छतात एक चौकोनी तोंड, तोंडावर लोखंडी झाकण. झाकण उघडं होतं. ताई छतावर पालथ्या पडून, डोकं आत घालून कुणाशी तरी बोलत होत्या.

"रुसलायस का? कालही नाही जेवलास. कुणी काही बोललं का तुला?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. अगं बाई, म्हटलं, यांनी माणूस विहिरीत ठेवलाय!

ताईंना छताची थरथर कळली असावी. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या मिठाच्या पुडीकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त बाजूला सरकून जागा केली. "ये. आज बरोबर वेळेला आलीस. आवाज नको करू."

मी पण पालथी पडले.

आमच्याकडे वर्षातून दोनदा, चार-पाच दिवस, सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. माणसाची सावली त्याच्याच पायाखाली दडून बसते. तसल्या दिवसांपैकी तो एक. त्या चौकोनी तोंडातून उन्हाचा खांब सरळ पाण्यात उतरला होता. दोन पुरुष पाणी, वर्षानुवर्षं हललं नाही म्हणून काचेसारखं नितळ. खांबाच्या तळाशी उजेडाचा हिरवा चौकोन पडला होता, आणि त्याच्या चारी बाजूंना काळोख. किती वेळ गेला कोण जाणे. धुळीचे कण पाण्यात वर जात होते की खाली येत होते, तेही कळत नव्हतं. मग काळोखातून आधी दोन मिशा आल्या. लांब, हळू, आंधळ्या माणसाने हात पुढे करून चालावं तशा. मग चार आखूड मिशा. मग रुंद, चपटं, समजूतदार तोंड. ओल्या पाटीच्या रंगाची पाठ. हाताएवढा लांब मासा त्या उजेडात येऊन थांबला आणि वर बघत राहिला.

"मिशाळ," ताई म्हणाल्या.

"तुमचा?"

"माझा कुठला? नदीचा. माझ्याकडे राहिलाय."

पंपाचा आवाज मागे कुठेतरी चालू होता. मला वाटलं, मी त्या चौकोनाच्या आत आहे आणि हा मासा वरून मला बघतोय. ऊन एक बोटभर सरकलं, चौकोन भिंतीवर चढला आणि विझला. मासा होता तिथेच असेल, पण आता विहिरीत नुसतं काळं पाणी होतं.

उठल्यावर ताईंनी सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या कोरड्या उन्हाळ्यात नदी इतकी आटली होती की नव्या विहिरीच्या जाळीला शेवाळाबरोबर बोटाएवढी पिल्लं चिकटून यायची. बरीच मेलेली. पाच जिवंत निघाली. ती ताईंनी बादलीत घेतली आणि दोन दिवसांसाठी म्हणून जुन्या विहिरीत सोडली. दोन दिवसांत नदी काही वाढली नाही. पुढे नदीला पाणी आलं, पण तोवर पिल्लं विहिरीच्या काळोखात दिसेनाशी झाली होती. एक मरून वर आलं. दोघांचं काय झालं कळलंच नाही. दोन राहिली. एक हा, आणि एक त्याच्याहून भित्री. तिला ताई त्याची बहीण समजायच्या.

"पालिकेच्या विहिरीत मासे पाळलेत हे वर कळलं तर?" मी विचारलं.

"नोकरी जाईल."

"मग मी इथे आलेच नव्हते," मी म्हटलं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय, कोण आहे?" मी म्हटलं, "कुणी नाही. भूकच लागते त्यांना." निळ्या कापडात कापूस भरून मी एक लांब गादी शिवली, छतावर पालथं पडायला. ताईंच्या कोपरांना खरचटायचं थांबलं.

तेव्हापासून आमचं पटायला लागलं, असं म्हणायला हरकत नाही. गुपितासारखं दुसरं शिवण नाही.

ताई नोंदवहीत दर तासाला काट्यांचे आकडे लिहायच्या. शेवटचा रकाना शेऱ्याचा, बहुतेक रिकामाच राहायचा. त्यात त्या मिशाळाचं लिहायला लागल्या. बारीक अक्षरात, आडून: "मि. जेवला." "मि. जेवला नाही." "मि. वर आला, भिंतीला अंग घासलं." एकदा मोठ्या कचेरीतून साहेब वह्या तपासायला आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "ताई, मिस्त्री जेवतो की नाही हे सरकारी वहीत का लिहिता? आणि भिंतीला अंग काय घासतो? खरूज झालीये का त्याला?"

ताई म्हणाल्या, "हवा मानवत नाही त्याला."

दरवर्षी साधारण सूर्य डोक्यावर यायच्या दिवसांत मिशाळ जेवण सोडायचा. महिना, कधी सव्वा महिना. तोंड घट्ट मिटून तळाशी बसून राहायचा, गळ्याखाली फुगलेला, नुसता. ताई भात टाकायच्या, गांडुळं टाकायच्या, गोगलगायी फोडून टाकायच्या. बहीण खायची, हा ढुंकूनही बघायचा नाही. त्या दिवसांत ताई त्या कापलेल्या जुन्या पाइपाला कपाळ टेकून बसायच्या. मासा पंखाचे काटे खोबणीत फिरवून कुरकुर आवाज करतो, म्हणायच्या, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, आणि तो पाण्यातून लोखंडात येतो. मी कपाळ टेकलं तर मला नुसता गारवा लागला. त्यांना मात्र ऐकू यायचं. जगात ज्या दोन-तीन गोष्टी त्यांना नीट ऐकू यायच्या, त्यातली ती एक.

मिशाळाच्या आठव्या की नवव्या वर्षी, सूर्य डोक्यावर येणाऱ्या दिवसांत, ताई भलत्याच वेळी घरी आल्या. पंप बदलीच्या माणसावर टाकून. कधी न घडलेली गोष्ट. दुकानाच्या मागच्या खोलीत शिरून कापडाच्या गठ्ठ्यांवर बसल्या.

"खाल्ली," त्या म्हणाल्या. "त्याने पिल्लं खाल्ली. बहिणीची."

"तुम्ही पाहिलंत?"

"उजेडात पाहिलं. पंधरा-वीस होती, बोटाच्या पेराएवढी, त्याच्या मिशांपाशी खेळत होती. माझं डोकं आत गेलं, सावली पडली. त्याने तोंड उघडलं आणि एकेक करून सगळी आत घेतली. सगळी."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे दोन महिने त्यांनी विहिरीचं झाकण उघडलं नाही. भात एकाच डब्यात नेला. वहीतला शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला. रात्री जेवताना मला वाटायचं, नदीचं सगळं पाणी या बाईच्या गळ्याशी येऊन अडलंय. शेवटी एका सकाळी मीच दुसरा डबा भरून पुढे केला. म्हटलं, "ताई, बहिणीची काय चूक?" त्यांनी बराच वेळ डब्याकडे पाहिलं. मग उचलला. पुन्हा झाकण उघडायला लागल्या, पुन्हा लिहायला लागल्या. पण त्याच्याशी बोलायच्या नाहीत. "जेवला." "जेवला नाही." एवढंच. 'मि.' सुद्धा गेलं.

अशी वर्षं गेली. आमची मुलं मोठी झाली, बाहेरगावी गेली. वर बंधारा झाला, खालची वाळू उपसली गेली, नदीचा रंग बदलला. जाळेवाला म्हातारा, जो पंपघराखालीच होडी बांधायचा, म्हणायचा, "मिशाळ? माझ्या लेकीच्या लग्नात शेवटचा पाहिला. आता तिलाच नातवंडं होतील." ताई ऐकून घ्यायच्या आणि दाताळं आपटून कचरा झाडायच्या.

मग एक दिवस गावात एक बाई आल्या. विद्यापीठातल्या, माशांचा अभ्यास करणाऱ्या. पस्तिशीच्या असतील; नाकाची उन्हाने सालटं निघालेली, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खोली घेऊन राहिल्या. एक चित्र घेऊन काठाकाठाने फिरायच्या आणि भेटेल त्याला विचारायच्या, "असा मिशीवाला कुणी पाहिलाय का?" दोन दिवसांत गावाने त्यांचं नाव मिशीवाली बाई ठेवलं. आपण दिसलो की लोक तोंडावर हात का धरतात, हे बिचारीला कळेना.

त्या पंपघरावर आल्या तेव्हा मी तिथेच होते. ताईंनी चित्र हातात घेतलं. किती वेळ बघत होत्या! मग परत दिलं.

"नाही पाहिला."

"नीट आठवा ना. नदीतून हा संपला असंच सगळे धरून चाललेत. पण गेल्या महिन्यात तुमच्या खाली, धक्क्यापाशी, एकाच्या जाळ्यात एक पिल्लू आलं. बोटाएवढं. म्हणजे मोठे कुठेतरी जवळच असणार. मी खालून वर शोधत आलेय."

"बोटाएवढं?" ताईंनी विचारलं.

"हो."

"नाही पाहिला," ताई पुन्हा म्हणाल्या, पण आवाज त्यांचा नव्हता.

बाई गेल्यावर मी ओरडूनच बोलले, कानांमुळे तसंही ओरडावंच लागायचं. "खोटं का बोललात?"

"नेतील. काचेच्या पेटीत घालतील. दिवा लावून ठेवतील चोवीस तास. त्याला काळोखाची सवय आहे." मग त्या पेन्सिलीचा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पण पिल्लू कुठून आलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विहिरीत उतरल्या. पन्नाशीची बाई, गंजक्या शिडीवरून, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात, जसं काही मी त्यांना ओढून काढणार होते. गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन त्यांनी भिंतीवरून हात फिरवायला सुरुवात केली. दगडांवरून, सांध्यांवरून, हळूहळू, पंप तपासताना फिरवायच्या तसा. मी वर पालथी पडून त्यांचे पांढरे झालेले केस बघत होते. पाण्याखाली त्यांच्या बाजूने काहीतरी मोठं सरकत गेलं. मी दोरी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी मान सुद्धा वळवली नाही.

"इथे," त्या खालून म्हणाल्या. आवाज विहिरीभर गोल फिरला. "इथून गार पाणी येतंय."

पूर्वी नदी ज्या फटीतून आत यायची ती गाळाने बुजली होती, पण पुरती नाही. तिच्यात दोन बोटं जातील एवढी वाट राहिली होती. मोठा मासा जाणार नाही. पण बोटाएवढं पिल्लू जाईल.

त्या वर आल्या, निळ्या गादीवर भिजलेल्या बसून राहिल्या. "त्याने खाल्ली असती," त्या म्हणाल्या, "तर बाहेर कोण गेलं?"

त्याच दुपारी आम्ही दोघी सायकलच्या दुकानावरचा जिना चढलो. ताईंच्या हातात जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा. बाईंनी दार उघडलं. खोलीत एक खाट, एक टेबल, आणि खिडकीत वाळत घातलेले बूट.

"मी खोटं बोलले," ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "दोन आहेत. बावीस वर्षांचे. हे सगळं लिहिलेलं आहे."

बाई हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. जमिनीवर बसल्या आणि पानं उलटायला लागल्या. पंख्याने पानं फडफडायची, त्या कोपराने दाबून धरायच्या. "जेवला नाही" वर बोट ठेवून मोजायच्या, मग पुढच्या वर्षाची वही, मग त्याच्या पुढची. खाली कुणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं, त्याची टकटक वर येत होती.

"दरवर्षी," शेवटी त्या म्हणाल्या. "दरवर्षी याच दिवसांत. ताई, हा आजारी नव्हता. याच्या तोंडात अंडी असायची."

ताईंना ऐकू गेलं नसेल म्हणून मी त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांना गेलं होतं.

"मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. गोटीएवढी असतात. फुटेपर्यंत तोंडातच सांभाळतो. तोवर खात नाही, खाल्लं तर अंडी गिळली जातील ना. पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस भीती वाटली की त्याच्या तोंडात शिरतात. सावली पडली, हालचाल झाली, की लगेच."

"सावली," ताई म्हणाल्या.

"हो."

"ती माझी सावली होती."

त्या खाटेच्या कडेवर बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न होता, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. तेरा वर्षं त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "येऊ दे. गळतंय ते बरंय." बाईंनी पाण्याचा पेला भरला आणि काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हणाल्या, "आणि ती दुसरी, जिला तुम्ही बहीण लिहिलंय, ती त्याची बायको आहे हं."

"अगं बाई!" ताई म्हणाल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या.

त्या संध्याकाळी झाकण उघडून ताई त्याच्याशी किती वेळ बोलत होत्या, काय बोलल्या, ते मी सांगणार नाही. मी दूर बसले होते. आणि असल्या गोष्टी ऐकायच्या नसतात.

बातमी अर्थातच वर गेली. ताईंना मेमो मिळाला: विनापरवानगी जलचर बाळगल्याबद्दल खुलासा करावा. शिवाय जुनी विहीर राडारोड्याने भरून तिथे विजेच्या नव्या पेटीसाठी ओटा बांधायचं आधीच ठरलेलं होतं. दगडांच्या दोन गाड्या येऊन पडल्याही होत्या. बाईंनी विद्यापीठातून पत्रं आणली. ताईंनी खुलाशात लिहिलं की जुन्या विहिरीचा पाइप कापलेला असून तिथलं पाणी गावात जात नाही, आणि जलचर बाळगला नसून तो राहिला आहे.

वह्या तपासणारे तेच साहेब स्वतः बघायला आले. निवृत्तीला आलेले, कातावलेले. ताईंनी त्यांना दोन दिवस थांबायला लावलं. आज विजेचा दाब कमी आहे, उद्या गाळ आहे, काही ना काही. तिसऱ्या दिवशी सावल्या पायाखाली गेल्या. ताई त्यांना छतावर घेऊन गेल्या. एवढा मोठा माणूस निळ्या गादीवर पालथा पडला. उन्हाचा खांब उतरला असेल, चौकोन पडला असेल. आम्हाला दिसत होत्या त्या फक्त साहेबांच्या टाचा आणि विरलेले मोजे. वीस मिनिटं ते हलले नाहीत. मला वाटलं, झोप लागली.

उठले तेव्हा त्यांचा चष्मा घामाने धूसर झाला होता. "मिस्त्री उपाशी आहे वाटतं," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या. "पिल्लं आहेत तोंडात."

दगड परत गेले. ओटा पलीकडे बांधला. मेमो मात्र मागे घेतला नाही; नियम तो नियम. तो शेवटपर्यंत ताईंच्या फायलीत राहिला, आणि त्याची नक्कल ताईंनी घरी कपाटात जपून ठेवली.

पुढची दोन वर्षं बाई येत-जात राहिल्या. विहिरीतली पिल्लं त्या मोठ्या टाक्यांत वाढवायच्या, सावलीत, झाकण लावून. ताईंनी तशी अटच घातली होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वीतभर लांबीची चाळीस झाली. त्यांना बंधाऱ्याच्या वर, जिथे नदी अजून खोल आहे आणि कडेला खडकांच्या कपारी आहेत, तिथल्या डोहात सोडायचं ठरलं.

जाळेवाल्या म्हाताऱ्याची होडी घेतली. म्हातारा, बाई, ताई आणि मी; मधे पाण्याने भरलेली दोन पिंपं. अठ्ठावीस वर्षं त्या नदीचं पाणी वर चढवणाऱ्या ताई होडीत मात्र पहिल्यांदाच बसत होत्या. पाण्याच्या अगदी जवळ आपण आहोत याचं त्यांना नवल वाटत होतं. होडीच्या काठावरून त्या सारखा हात पाण्यात सोडायच्या.

डोहात पोचलो तेव्हा दुपार होती. पाणी गडद हिरवं, वारा नाही. बाईंनी पिंप तिरकं केलं. ताईंनी दोन्ही हातांनी पिल्लांना वाट करून दिली, एकेक करून, मिशा तळहाताला लागत होत्या तर ओठ मुडपून हसत होत्या. चाळीसच्या चाळीस पाण्यात गेली. पण लांब गेली नाहीत. होडीची सावली पाण्यात पडली होती, तिच्यात जाऊन सगळी गोळा झाली, एकमेकांना चिकटून, तोंडं वर करून.

"आता काय?" म्हातारा म्हणाला. "वल्हं मारलं तर लागेल त्यांना."

"थांबू," ताई म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

बाईंनी मान डोलावली. म्हाताऱ्याने वल्हं होडीत आडवं ठेवलं, टोपी तोंडावर ओढली आणि थोड्याच वेळात घोरायला लागला. होडी आपणहून हळूहळू फिरत होती. एकदा खडक समोर यायचे, एकदा झाडं, एकदा नुसतं मोकळं पाणी. आम्ही डबा खाल्ला. ताई पालथ्या पडून, हनुवटी होडीच्या काठावर टेकवून खाली बघत होत्या, आणि होडी वळेल तशी तिची सावली वळत होती, आणि सावलीबरोबर ती चाळीस पिल्लंही.

"जाताहेत का?" मी मधे एकदा विचारलं.

"काही गेली," ताई म्हणाल्या. "काही बघताहेत."

ऊन कललं. सावली लांब झाली आणि पातळ झाली. मी मोजायचा प्रयत्न केला, पण पाण्यात मोजता येत नाही. एकाची दोन होतात, दोघांचं एक होतं. शेवटचं पिल्लू कधी गेलं, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. म्हातारा जागा झाला, त्याने जांभई देत खाली पाहिलं आणि वल्हं उचललं. ताईंनी हात वर केला.

"अजून थोडा वेळ," त्या म्हणाल्या. मग त्याही थोड्या वेळाने उठून बसल्या, आणि आम्ही निघालो.